युरेनियमचं नाव ऐकून दचकलेल्या पालकांसाठी

‘मला फिजिक्समध्ये रिसर्च करायचाय’ असं म्हणणारी मुलं पुण्यात पुष्कळ आहेत आणि घरच्यांनाही त्याची आता सवय झाली आहे. पण ‘युरेनियमच्या संयुगांमधले इलेक्ट्रॉन क्ष-किरणांनी अभ्यासायचेत’ असं मुलीनं सांगितलं, की घरात क्षणभर शांतता पसरते. मग पहिला प्रश्न येतो तब्येतीचा आणि दुसरा नोकरीचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्याआधी हे काम असतं तरी काय, ते पाहू.

युरेनियमच्या अणूत ९२ इलेक्ट्रॉन असतात आणि संशोधकांना झुलवत ठेवतात ते ५एफ कक्षेतले दोन-तीन. तांब्यातले बाहेरचे इलेक्ट्रॉन धातूभर मोकळे फिरतात. दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांतले ४एफ इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा आपापल्या अणूलाच चिकटून राहतात. युरेनियमचे इलेक्ट्रॉन या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतात. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या अणुभट्ट्यांत इंधन म्हणून जातं ते युरेनियम डायऑक्साइड. इलेक्ट्रॉनांमधलं परस्परांचं प्रतिकर्षण नीट धरलं नाही, तर गणितानं ते धातूसारखं वीजवाहक ठरतं. प्रत्यक्षात तसं नाही, कारण त्यातले दोन ५एफ इलेक्ट्रॉन अणू सोडून हलत नाहीत. उलट युरेनियम, रुथेनियम आणि सिलिकॉन यांच्या एका संयुगात १७.५ केल्विन तापमानाला इलेक्ट्रॉनांची कसलीशी नवी मांडणी होते. १९८५ पासून जगभरचे भौतिकशास्त्रज्ञ तिच्या मागे आहेत, पण ती नेमकी कोणती यावर अजून एकमत नाही. हुशार मुलांना अशा प्रश्नाची ओढ वाटली तर त्यात नवल नाही.

हे इलेक्ट्रॉन पाहायचे कसे? इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ नावाचं सिंक्रोट्रॉन आहे. १७२.५ मीटर परिघाच्या कड्यातून इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरतात आणि वळताना क्ष-किरण सोडतात. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या बीमलाइनवर संशोधक विद्यार्थी आपली पूड सेल्युलोजमध्ये मिसळतो, दाबून तिची चकती करतो आणि ती कॅप्टॉन टेपमध्ये सील करतो. मग क्ष-किरणांची ऊर्जा टप्प्याटप्प्यानं वाढवत न्यायची. १७,१६६ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास शोषण एकदम उसळतं. ही युरेनियमची एल-३ कडा. यंत्राचा काटा बरोबर आहे ना, हे यिट्रियमच्या पातळ पत्र्यावर तपासून घेतात, कारण त्याची कडा जवळच, १७,०३८ वर येते. युरेनियम चतुःसंयुजी आहे की षट्संयुजी, हे ती कडा थोड्याशा इलेक्ट्रॉनव्होल्टनी सरकण्यावरून ओळखायचं. बीमटाइम मोजकाच मिळतो, त्यामुळे रात्रपाळ्या होतात आणि एखादी चकती तडकली की ती पुन्हा करावी लागते. ज्याला अशा कामाचा कंटाळा येत नाही, त्यानंच या वाटेला जावं.

५एफ कक्षेला थेट गाठायचं तर ३,७२८ इलेक्ट्रॉनव्होल्टची एम-४ कडा लागते. फ्रान्समध्ये ग्रनोबल इथल्या सिंक्रोट्रॉनवर २०१३ साली झालेल्या अशाच प्रयोगांनी यू३ओ८ या ऑक्साइडबद्दलचा एक जुना वाद मिटवला. त्यात चतुःसंयुजी युरेनियम नसून पंच आणि षट्संयुजी आहे, असं दिसलं. महाराष्ट्राला हे शास्त्र परकं नाही. नागपूर विद्यापीठात प्रा. सी. मांडे यांनी क्ष-किरण वर्णपटशास्त्राच्या संशोधनाची परंपरा उभी केली.

आता तब्येत. नैसर्गिक युरेनियममध्ये ९९ टक्क्यांहून जास्त वाटा युरेनियम-२३८चा. त्याचं अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षं, म्हणजे क्रियाशीलता फार मंद. त्यातून निघणारे अल्फा कण कागदानंही अडतात. धोका असतो तो पूड श्वासातून किंवा पोटात जाण्याचा, कारण मूत्रपिंडाला युरेनियम रासायनिकदृष्ट्याही विषारी आहे. म्हणून तर नमुना सीलबंद आणि काही मिलिग्रॅमचाच ठेवतात. किरणोत्सारी कामावर असलेल्यांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळानं पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा घातली आहे आणि प्रत्येकाला मिळालेल्या मात्रेची नोंद छातीवरच्या बॅजवर होत असते. शिस्त पाळणाऱ्या प्रयोगशाळेत मुलीला पाठवताना घाबरण्याचं कारण मला दिसत नाही.

नोकरीचा प्रश्न जास्त अवघड आहे. केवळ युरेनियमवर काम करणाऱ्या जागा देशात मोजक्याच. त्यामुळे माझा सल्ला स्पष्ट आहे: मूलद्रव्य धरू नका, पद्धत धरा. युरेनियमची कडा वाचायला शिकलेला माणूस बॅटरीतल्या कोबाल्टची ७,७०९ची कडाही वाचतो, उत्प्रेरकातल्या निकेलचीही. पाषाणच्या एनसीएलमध्ये उत्प्रेरकांवरचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. वर्णपटांच्या विश्लेषणाचं अथिना हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पायथन तर कॉलेजातच शिकता येतं. इतकं हाताशी असलं की दारं बरीच उघडतात.

वाट कुठून? आयसर पुणे २००६ पासून पाषाणला आहे. तिथल्या पाच वर्षांच्या बीएस-एमएससाठी आयसर अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट द्यावी लागते. तिच्यात गणित, भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या चारही विषयांचे प्रश्न असतात. अकरावीला जीवशास्त्र सोडलेल्यांनी तेवढ्यावरून कच खाऊ नये. कलिन्याचं सीईबीएस आणि भुवनेश्वरचं नायसर यांच्यासाठी नेस्ट परीक्षा. हे जमलं नाही तर फर्ग्युसन किंवा एस. पी.मधून बीएस्सी आणि मग विद्यापीठातून एमएस्सी, हाही तितकाच पक्का रस्ता आहे. यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमचं इंदूर केंद्र विद्यापीठांतल्या संशोधकांसाठीच आहे. युरेनियमचा निर्णय बारावीत घ्यायचाच नसतो. तो एमएस्सीच्या प्रोजेक्टपर्यंत थांबू शकतो.

पालकांनी खरी काळजी करावी ती वर्षांची. एमएस्सीपर्यंत पाच, पीएचडीला आणखी पाच-सहा, म्हणजे अठ्ठाविशी गाठते. ज्युनिअर रिसर्च फेलोशिपला (जेआरएफ) २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि पुढे सीनिअर फेलोशिपला (एसआरएफ) ४२,००० मिळतात, शिवाय घरभाडं. त्यात एकट्याचं भागतं, पण घरचे हप्ते फेडायचे असतील तर ओढाताण होते. अशा घरातल्या मुलानं एमएस्सीनंतर भाभा केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलचा विचार आधी करावा. एक वर्षाचं प्रशिक्षण, विद्यावेतन आणि ते पार पडलं की वैज्ञानिक अधिकारी म्हणून नेमणूक. पदवीला ६० टक्के गुण लागतात आणि खुल्या गटाला वयाची अट २६ वर्षांची, म्हणून मधली वर्षं रिपीट करण्यात घालवताना हा हिशेब मांडून ठेवा. दरवर्षीची जाहिरात मात्र स्वतः वाचा, क्लासच्या पत्रकावर विसंबू नका.

२८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, पुण्यातल्या संशोधन संस्थांचे दरवाजे लोकांसाठी उघडतात. मुलाबरोबर आईवडिलांनीही जावं. यंत्राशेजारी उभ्या असलेल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला गाठून विचारावं: कितवं वर्ष आहे, फेलोशिप वेळेवर येते का, गाइड आठवड्यातून किती वेळा भेटतात आणि तुमच्या आधीचे तिघे आज कुठे आहेत?