दूरस्थ काम, परदेशी वास्तव्य : व्हिसाचे पर्याय आणि त्यांच्या मर्यादा

भारताने १९८३ मध्ये एमिग्रेशन कायदा केला, तेव्हा परदेशी कामाला जाणाऱ्या माणसाचे एक निश्चित चित्र कायदेकर्त्यांपुढे होते. तिकडचा मालक, इकडचा भरती करणारा एजंट, त्यांच्यातील करार आणि दरमहा घरी येणारी रक्कम असे ते चित्र होते. बंगळूरच्या कंपनीचा पगार घेत टालिनमध्ये राहणारा संगणक अभियंता किंवा लंडनच्या प्रकाशकासाठी चियांग माईमधून काम करणारी भाषांतरकार या चौकटीत बसत नाही. यजमान देशाच्या दृष्टीनेही हा माणूस अडचणीचाच असतो. तो स्थानिक नोकरी करत नाही, म्हणून त्याला कामाचा परवाना लागू होत नाही. आणि रोज आठ तास काम करतो, म्हणून तो पर्यटकही ठरत नाही.

२०२० च्या महासाथीत कार्यालये बंद झाली, पर्यटनही थंडावले आणि काही देशांनी ही पोकळी हेरली. बार्बाडोसने जुलै २०२० मध्ये बारा महिन्यांच्या वास्तव्याची योजना सुरू केली. तिच्यासाठी वार्षिक ५० हजार अमेरिकी डॉलर उत्पन्नाची अट होती. पाठोपाठ १ ऑगस्ट २०२० रोजी एस्टोनियाचा व्हिसा आला. परदेशी कंपनीचा कर्मचारी, परदेशी कंपनीतील भागीदार आणि मुख्यतः परदेशी ग्राहक असलेला मुक्त व्यावसायिक या तिघांनाही एस्टोनियाने एक वर्षापर्यंत राहण्याची मुभा दिली. याच देशाची २०१४ पासूनची ई-रेसिडेन्सी मात्र निराळी आहे. तिच्या आधारे तेथे कंपनी काढता येते, राहता येत नाही. नामसाधर्म्यामुळे अनेकांची येथे गल्लत होते.

पुढे पोर्तुगालने ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि थायलंडने जुलै २०२४ मध्ये असे व्हिसा आणले. मात्र यादी लांबली म्हणजे भारतीयांचे पर्याय तितकेच वाढले, असे समजणे घाईचे होईल. एस्टोनियाची उत्पन्नमर्यादा नंतर दरमहा ४,५०० युरोवर गेली. युरोचा दर शंभर रुपये धरला, तरी ही रक्कम महिना साडेचार लाख रुपये होते. पोर्तुगाल आपल्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न मागतो. थायलंडची अट उत्पन्नाची नसून शिलकीची आहे. तेथे पाच लाख बात बँकेत दाखवावे लागतात आणि पाच वर्षांचा व्हिसा मिळतो. त्यामुळे नियमित पगार नसलेल्या मुक्त व्यावसायिकाला तो तुलनेने आवाक्यातला वाटतो. जपानचे दार तर उत्पन्न असूनही उघडत नाही. मार्च २०२४ पासूनची त्याची सहा महिन्यांची योजना जपानशी कर-करार आणि व्हिसामुक्त प्रवेश या दोन्ही गोष्टी असलेल्या देशांच्या नागरिकांपुरती आहे. भारताचा जपानशी कर-करार आहे, व्हिसामुक्त प्रवेश नाही.

अल्पकाळासाठी स्वतंत्र व्हिसाची गरज काही ठिकाणी उरलेली नाही. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२४ पासून आणि न्यूझीलंडने २७ जानेवारी २०२५ पासून अभ्यागत व्हिसावर आपल्या मायदेशीचे काम दूरस्थ पद्धतीने करण्यास परवानगी दिली. ब्रिटनमध्ये मात्र ते भेटीचे मुख्य प्रयोजन असता कामा नये.

खरा गुंता होतो तो करांमध्ये. व्हिसा वास्तव्याची अनुमती देतो. कर कोणी घ्यायचा, हे दिवसांच्या हिशेबावर ठरते. थायलंडचा व्हिसा एका प्रवेशात १८० दिवस राहू देतो आणि कॅलेंडर वर्षात १८० दिवस झाले की थायलंड त्या व्यक्तीस करदृष्ट्या रहिवासी मानतो. २०२४ पासून कमावलेले परदेशी उत्पन्न अशा रहिवाशाने तेथे आणल्यास त्यावर कर लागू शकतो. व्हिसाची मुदत पुरेपूर वापरणारा माणूस अशा रीतीने नकळत करदाता होतो.

भारताच्या बाजूनेही हीच मोजदाद चालते. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात घालवणारी व्यक्ती रहिवासी ठरते आणि तिचे जगभरचे उत्पन्न येथे करपात्र होते. एप्रिलपासून भारतात असलेला माणूस १ ऑक्टोबरला निघाला, तर त्याचे १८३ दिवस आधीच भरलेले असतात. पुढचे सहा महिने परदेशात काढले, तरी त्या वर्षापुरता तो भारताचाच करदाता राहतो. संयुक्त अरब अमिरातीत व्यक्तिगत आयकर नाही, म्हणून तेथील एक वर्षाच्या दूरस्थ-काम व्हिसाचे आकर्षण मोठे आहे. परंतु २०२० च्या वित्त अधिनियमाने ‘मानीव रहिवासी’ ही संकल्पना आणली. परदेशी स्रोत वगळता ज्याचे उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक आहे आणि जो रहिवासाच्या नात्याने अन्य कोणत्याही देशात कर देण्यास पात्र नाही, असा भारतीय नागरिक तिच्या कक्षेत येतो. भारतात उभारलेल्या व्यवसायाचे उत्पन्न येथे परदेशी स्रोत गणले जात नाही. नाशकात जम बसवून मग दुबईला गेलेल्या सल्लागाराने हे बारकाईने वाचावे, हे बरे.

कागदपत्रांचा ताण मुक्त व्यावसायिकावर अधिक पडतो. वेतनचिठ्ठीच्या जागी त्याला ग्राहकांचे करार, बँकेचे उतारे आणि आयकर विवरणपत्रे सादर करावी लागतात. ज्याने अनेक वर्षे उत्पन्न कमी दाखवले, त्याची पंचाईत नेमकी येथे होते. पारपत्र कार्यालयाचे पोलिस-मंजुरी प्रमाणपत्र व त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल यांसाठीही वेळ राखून ठेवावा लागतो.

सामाजिक सुरक्षा हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. भारताने काही देशांशी याबाबत करार केले आहेत. परंतु दुहेरी वर्गणी टाळणारे प्रमाणपत्र कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना देते, ते मालकाने परदेशी पाठवलेल्या सदस्याला. मुक्त व्यावसायिकाला ते मिळत नाही. जर्मनीचा स्वयंरोजगाराचा निवास परवाना या संदर्भात अभ्यासण्याजोगा आहे. तो भटक्यांसाठी नाही. अनुवादक, कलावंत, अभियंते अशा व्यावसायिकांनी तेथेच काम उभारावे, ही त्याची अपेक्षा आहे आणि तो पुढे स्थायी वास्तव्याकडे नेऊ शकतो. मात्र पंचेचाळीस वर्षांवरील अर्जदाराला वृद्धापकाळाची पुरेशी तरतूद असल्याचा पुरावा सामान्यतः द्यावा लागतो. भारतातील बहुतेक मुक्त व्यावसायिकांकडे दाखवण्यासारखे निवृत्तिवेतन खाते नसते.