राज्यशास्त्र कशासाठी शिकायचे?

मुलांनो, दहावीचा निकाल लागला की घरोघर एकच चर्चा सुरू होते. पुढे काय? कुणी विज्ञान शाखेचे नाव घेतो, कुणी वाणिज्य शाखेचे. तेवढ्यात एखादी मुलगी हळूच म्हणते, "अब्बा, मी कला शाखेत जाणार. पुढे राज्यशास्त्र घेऊन बी. ए. करणार." घर क्षणभर गप्प होते. मग कुणीतरी विचारतेच, "म्हणजे निवडणूक लढवणार की काय?"

राज्यशास्त्र म्हणजे राजकारण करणे नव्हे. सत्ता कोणाच्या हाती असते, ती तिथे कशी येते, तिला लगाम कोण घालतो, याचा अभ्यास म्हणजे राज्यशास्त्र. तुम्ही उर्दूत त्याला 'सियासियात' म्हणता.

या विषयाचे अर्धे शब्द तुम्हांला आधीच येतात. सरकार, कायदा, जिल्हा, वकील, अर्ज हे शब्द मराठीत फारसी-अरबीतून आले. 'मतदार' हा शब्द तर पाहा! 'मत' संस्कृत आणि 'दार' फारसी; दोघे एका शब्दात सुखाने नांदतात. मात्र 'राजीनामा' या शब्दापाशी जरा थांबा. उर्दूत राजीनामा म्हणजे समेटाचा कागद; मराठीत मंत्री राजीनामा देतो, तेव्हा तो पद सोडत असतो. तुमच्या 'इस्तीफा'ला आम्ही राजीनामा म्हणतो.

आता कॉलेजात काय शिकवतात ते पाहू. बारावीनंतर कोणत्याही शाखेतून या विषयाकडे जाता येते. बी. ए. पूर्वी तीन वर्षांचे असे. 2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर चौथ्या वर्षाचीही सोय झाली आहे. भारताची राज्यघटना, लोकप्रशासन, आंतरराष्ट्रीय संबंध, राजकीय विचारवंत असे भाग त्यात येतात. विचारवंतांत ग्रीसचा ॲरिस्टॉटल भेटतो, आपला कौटिल्य भेटतो. इब्न खल्दूनचे नाव तुम्ही ऐकले असेल. तो 1332 साली ट्यूनिसमध्ये जन्मला आणि पुढे कैरोत काझी झाला. राजघराणी उदयाला येतात आणि काही पिढ्यांतच ढासळतात, असे का, हा प्रश्न त्याने 'मुकद्दमा' या ग्रंथात विचारला. माणसांना एकत्र बांधणाऱ्या भावनेला त्याने 'असबिया' म्हटले. कष्टाच्या जीवनात ती घट्ट असते, शहरातल्या ऐषआरामात सैल होते, असे त्याचे उत्तर होते. ते सर्वांना पटत नाही. पण प्रश्न अजून जुना झालेला नाही.

मौलाना हसरत मोहानींच्या गझला तुम्ही वाचता. ते घटना समितीचे सभासद होते आणि घटनेच्या मसुद्यावर त्यांनी जोरदार हरकती घेतल्या, हे किती जणांना ठाऊक आहे? त्या समितीतील भाषणे छापलेली आहेत. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती वाचावी लागतात.

पण माझ्या मते या विषयाची खरी गोडी एका जुन्या यादीत आहे. 1951-52 साली आपल्या देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त होते. मतदार होते सुमारे 17 कोटी 30 लाख, आणि त्यांतील बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून चिन्हे ठरवली. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराने आपली पत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. इतके सोपे!

अडचण आली ती आधीच, यादी करताना. उत्तर आणि मध्य भारतात अनेक स्त्रिया परक्या माणसाला आपले नाव सांगेनात. यादीत त्यांची नोंद 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' अशी झाली. निवडणूक आयोगाने सांगितले, 'स्वतःचे नाव द्या, नाहीतर नोंद राहणार नाही.' शेवटी सुमारे 28 लाख स्त्रियांची नोंद गळली. घटनेने त्यांना मत दिले होते, तरी त्या मत देऊ शकल्या नाहीत.

आयोगाचे चुकले का? एक जण म्हणेल, नाव नसेल तर मतदार ओळखायचा कसा? एकीच्या जागी दुसरी मत देऊन जाईल. दुसरा म्हणेल, पिढ्यान्‌पिढ्यांचा संकोच काही दिवसांत जाईल ही अपेक्षाच चूक. तुम्ही कोणाच्या बाजूचे? उत्तर देण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे म्हणणे नीट मांडता आले पाहिजे. कॉलेजातली तीन वर्षे बहुतेक याच कामात जातात.

पदवी हाती पडली की लगेच नोकरी मिळते का? नाही, हे खरे सांगितलेले बरे. पदवीनंतर तीन वर्षांत वकिलीची पदवी घेता येते, बी. एड. करून शिक्षक होता येते, लोकसेवा आयोगाच्या परीक्षा देता येतात, वृत्तपत्रात जाता येते. प्रत्येक वाटेवर आणखी अभ्यास आहेच. ज्याला वाचनाचा कंटाळा आहे, त्याने हा विषय सोपा समजून घेऊ नये. वर्षाअखेरीस त्याची फार फजिती होते.

मतदानाचे वय पूर्वी 21 होते. 1989 पासून ते 18 झाले. म्हणजे बी. ए.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात असतानाच तुमचेही नाव त्या यादीत येईल.

शब्दार्थ
मसुदा – कच्चा लेख. समेट – तडजोड, सुलह. हरकत घेणे – आक्षेप घेणे. संकोच – लाज, झिजक. फजिती होणे – हसे होणे.

स्वाध्याय
1. 'राजीनामा' शब्दाच्या मराठी व उर्दू अर्थांत काय फरक आहे?
2. पहिल्या निवडणुकीत 28 लाख स्त्रियांना मत का देता आले नाही?
3. घरातील मोठ्यांच्या मदतीने तुमच्या भागाची मतदार यादी पाहा. आजीचे किंवा नानीचे नाव त्यात बरोबर लिहिले आहे का? चूक असल्यास ती कोठे व कशी दुरुस्त करतात, याची माहिती मिळवा आणि पाच-सहा वाक्ये लिहा.