थकवा लाळेत सापडत नाही

"डॉक्टर, माझ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकल्यात." हे वाक्य हल्ली ओपीडीत सारखं ऐकू येतं. पाठोपाठ मोबाइल पुढे येतो. त्यात घरबसल्या मागवलेल्या लाळेच्या तपासणीचा रंगीत आलेख असतो. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र अशा चार वेळांचं कॉर्टिसॉल (या ग्रंथींचं हार्मोन), आणि खाली शेरा: 'अ‍ॅड्रिनल फटिग, तिसरा टप्पा'. शेऱ्याखाली पावडरी आणि कॅप्सूलची यादी असते, आणि ती विकणाराही बहुतेक वेळा तपासणी विकणाराच असतो.

स्पष्टच सांगते. 'अ‍ॅड्रिनल फटिग' नावाचा आजार वैद्यकशास्त्रात नाही. ब्राझीलमधल्या दोन संशोधकांनी २०१६ मध्ये या विषयावरचे ५८ अभ्यास तपासून हाच निष्कर्ष काढला, आणि हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनाही तेच सांगतात. तुमचा थकवा मात्र शंभर टक्के खरा आहे. म्हणूनच मला राग येतो. खऱ्या त्रासाला खोटं नाव मिळालं की खरं कारण शोधायचं राहून जातं.

सातारा भागातल्या एक शिक्षिका अशाच आल्या होत्या. वय सत्तेचाळीस, शाळेचा जिना चढताना धाप लागायची, दुपारनंतर उभं राहवत नव्हतं. इंटरनेटवरच्या एका 'हार्मोन कोच'नं किट पाठवलं, बाईंनी नळ्यांत लाळ भरून दिली आणि पुढचे काही महिने महागड्या पावडरी घेतल्या. मी पापणी खाली ओढून पाहिली तर आतला भाग पांढराफटक. पाळीबद्दल विचारलं तेव्हा कळलं, वर्षभर दर महिन्याला गाठी पडतात आणि रात्री दोनदा उठून पॅड बदलावं लागतं. हिमोग्लोबिन ६.८ आलं, सोनोग्राफीत गर्भाशयाची गाठ. "पण बाई, हे आधी कुणाला सांगितलं का नाही?" तर म्हणाल्या, "या वयात होतंच ना असं! मला वाटलं, लाळेत सगळंच कळतं."

लाळेत सगळं कळत नाही. कॉर्टिसॉलच्या बाबतीत काही नेमकं कळतं, त्याचं कारण समजून घ्या. रक्तातलं बहुतेक कॉर्टिसॉल प्रथिनांना चिकटून फिरतं. प्रत्यक्ष काम करतो तो मोकळा राहिलेला थोडासा भाग. हाच मोकळा भाग लाळेत उतरतो. शिवाय या हार्मोनला दिवसाची लय असते. पहाटेपासून ते चढतं, उठण्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला जातं. कुशिंग सिंड्रोममध्ये शरीरात कॉर्टिसॉल जास्त तयार होतं आणि रात्रीची ही उतरण सर्वांत आधी बिघडते. आता मध्यरात्री रक्त घ्यायचं तर पेशंटला भरती करावं लागणार, आणि नुसत्या सुईच्या धसक्यानं कॉर्टिसॉल वाढणार. त्यापेक्षा घरी, आपल्या अंथरुणावर बसून कापसाचा बोळा चघळला की काम होतं. म्हणून २००८ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये रात्री उशिराची लाळ ही कुशिंगच्या पहिल्या चाचण्यांपैकी एक मानली जाते. चोवीस तासांची लघवी आणि रात्री डेक्सामेथासोनची गोळी देऊन सकाळी घेतलेलं रक्त या बाकीच्या दोन.

ही चाचणी कुणाची करावी? नुसतं वजन वाढलंय म्हणून करू नये, हे आधी. पोट सुटलेल्या शंभर माणसांत कुशिंगचा एकही सापडेलच असं नाही. पण पोटावर, मांड्यांवर बोटभर रुंद, जांभळट-लाल चरे उठले असतील. काही लागल्याचं आठवत नाही तरी अंगावर काळे-निळे डाग पडत असतील. हातपाय बारीक होऊन चेहरा गोल आणि लालसर झाला असेल. उकिडवं बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नसेल. तिशीत ब्लडप्रेशर, मधुमेह किंवा हाड मोडणं असं काही झालं असेल, तर उशीर करू नका. मुलांमध्ये एक खूण फार बोलकी असते: वजन वाढतंय आणि उंची मात्र थांबली आहे. दरवर्षी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं रेघ मारणारे आईबाप मला म्हणूनच फार आवडतात.

कॉलेजात शिकणारी एक मुलगी पीसीओडीचं लेबल घेऊन आली होती. मुरुमं, चेहऱ्यावर लव, अनियमित पाळी. पाळीसाठी गर्भनिरोधक गोळ्या चालू. घरचे रोज "खाणं कमी कर, आळस सोड" म्हणून बोलायचे. तिच्या दंडावर रक्तदाबाच्या पट्ट्याचा वळ उमटला आणि तिथेच मला शंका आली. या गोळ्यांमधल्या इस्ट्रोजेनमुळे कॉर्टिसॉल धरून ठेवणारं प्रथिन वाढतं, त्यामुळे रक्तातला आकडा फुगतो आणि डेक्सामेथासोनची चाचणी फसू शकते. लाळेत फक्त मोकळं कॉर्टिसॉल येत असल्यानं तिच्यासाठी तीच योग्य होती. वेगवेगळ्या रात्रींचे नमुने वाढलेले आले, पुढच्या तपासण्यांत पिट्यूटरी ग्रंथीत काही मिलिमीटरची गाठ दिसली, नाकाच्या मार्गानं शस्त्रक्रिया झाली. आजार पुन्हा डोकं वर काढतो का, हे पाहायला आता तिची ठराविक काळानं रात्रीची लाळच तपासतो, कारण बिघाड बहुधा तिथेच आधी दिसतो. त्या मुलीला मी एवढंच सांगितलं की यात तुझा आळस कुठेच नव्हता, आणि ते तिच्या आईवडिलांसमोर सांगितलं.

डॉक्टरांनी ही चाचणी लिहून दिली असेल तर ती नीट करा. निदान दोन वेगवेगळ्या रात्री, नेहमीच्या झोपेच्या वेळी, अकरा ते बाराच्या दरम्यान. आधी अर्धा तास खाणंपिणं नाही, दात घासणं नाही. हिरड्यांतून रक्त आलं तर नमुना वाया जातो. सिगारेट, तंबाखू, मिश्री त्या दिवशी पूर्ण बंद. खोकल्यासाठी ज्येष्ठमधाचा काढा किंवा चघळायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, कारण ज्येष्ठमध लाळग्रंथीतलं एक एन्झाइम अडवतं आणि आकडा खोटा वर जातो. मुलाच्या इसबाला स्टिरॉइडचं मलम लावून त्याच हातानं बोळा धरला तरी तेच. आणि चाकण-भोसरीत रात्रपाळी करणाऱ्यांनी, रात्रीच्या ड्यूटीवरच्या नर्सनी ही चाचणी करूच नये. झोपेचं घड्याळ उलटं असेल तर मध्यरात्रीच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

एवढं करूनही आकडा थोडा जास्त आला तर घाबरू नका. नैराश्य, दारू, बेताल मधुमेह, नुकतंच झालेलं मोठं आजारपण यांतही तो वाढतो. दुसऱ्या चाचणीनं खातरजमा झाल्याशिवाय कुणी तुम्हाला कुशिंगचा पेशंट म्हणू नये.

कुशिंगशिवाय, जन्मजात अ‍ॅड्रिनलचा दोष असलेल्या लहान मुलांमध्ये औषधाचा डोस बरोबर आहे का, हे पाहायला काही केंद्रांत लाळेतलं दुसरं एक हार्मोन मोजतात. बाळाला दिवसातून अनेकदा टोचावं लागत नाही. संशोधनातही लाळेचा उपयोग होतो. बाकी जवळपास सगळी विक्री आहे. थायरॉइड लाळेत तपासत नाहीत, त्याला रक्तातलं टीएसएच लागतं. पंचेचाळिशीनंतर वर्षभर पाळी आली नाही तर ती रजोनिवृत्तीच. त्यासाठी कुठलंच हार्मोन मोजायची गरज नसते. त्याआधीच्या काही वर्षांत इस्ट्रोजेन आज वर तर उद्या खाली असतं, आणि लाळेत ते इतकं सूक्ष्म असतं की एका नळीवरून 'तुमच्यासाठी खास' हार्मोनचं क्रीम बनवून देणं ही फसवणूक आहे. रात्री घाम येतोय, झोप लागत नाही, योनी कोरडी पडते, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. चांगले, तपासलेले उपचार आहेत, आणि त्यांचा डोस त्रास किती कमी झाला यावर ठरतो.

त्या 'अ‍ॅड्रिनल सपोर्ट' कॅप्सूलबद्दलही ऐका. अमेरिकेत अशा १२ उत्पादनांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. सगळ्यांत थायरॉइडचं हार्मोन सापडलं, बहुतेकांत निदान एक स्टिरॉइड. वेष्टनावर त्याचा उल्लेख नव्हता. म्हणजे दोन दिवसांत जी तरतरी वाटते, ती कशाची असू शकते याचा विचार करा. आपल्याकडे हा धंदा जुनाच आहे. सांधेदुखीची पुडी, दम्याची पुडी, वजन वाढवायला मेडिकलमधून मागून घेतलेल्या गोळ्या, गोरं करणारी क्रीम. गोल गरगरीत चेहऱ्यानं येणाऱ्या पेशंटला मी सगळ्यात आधी या पुड्यांबद्दल विचारते, कारण आपल्याकडे कुशिंगसारख्या दिसणाऱ्या बहुतेकांच्या पोटात बाहेरचं स्टिरॉइड गेलेलं असतं. अशा माणसाची लाळ किंवा रक्त तपासून उपयोग नाही. पुडीत कुठलं स्टिरॉइड आहे त्यावर आकडा खोटा खाली जातो किंवा खोटा वर. लाजू नका, पुडीच घेऊन या.

अ‍ॅड्रिनल खरोखर निकामी होतात, तो आजार अ‍ॅडिसनचा. १८५५ मध्ये लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी त्याचं वर्णन केलं, आणि तेव्हासारखाच आपल्याकडे आजही क्षयरोग त्याचं एक महत्त्वाचं कारण आहे. चेहरा, हिरड्या, तळहाताच्या रेषा काळवंडतात, वजन उतरतं, मिठाची ओढ लागते, उठताना चक्कर येते, उलट्या होतात. हे लाळेत शोधत बसू नका. सकाळी आठ-नऊला रक्तातलं कॉर्टिसॉल आणि गरज पडली तर इंजेक्शन देऊन केलेली चाचणी, हाच मार्ग आहे.

नुसता थकवा असेल तर हिमोग्लोबिन, टीएसएच, साखर, बी-१२ या साध्या रक्ततपासण्यांनी सुरुवात करा. घोरता का, मन उदास असतं का, संध्याकाळी बारीक ताप येतो का, हेही डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

आणि हे वाचून कुणी आजच पुडी फेकून देणार असेल तर थांबा. महिनोन्‌महिने बाहेरून स्टिरॉइड मिळत गेलं की अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं काम बंद करते. अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. डोस हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवायचा असतो. बंद केल्यावर उलट्या, पोटदुखी, ताप, ग्लानी असं काही झालं तर सकाळची वाट पाहू नका. जवळच्या रुग्णालयात जा आणि दारातच सांगा, "हा माणूस स्टिरॉइड घेत होता." हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लगेच मिळायला हवं.