कांचपेटींतील आसरा

उपनगरांतील कांहीं घरांत कुत्र्या-मांजरांच्या जोडीला आतां कांचेची पेटी दिसूं लागली आहे. तींत आफ्रिकेचा बॉल पायथन, अमेरिकेचा कॉर्न स्नेक किंवा ऑस्ट्रेलियाचा दाढीवाला सरडा पाळलेला असतो. पाहुण्यांची तक्रार बहुधा एकच, "तुमचा प्राणी दिसतच नाहीं!" मग पेटींतील आसरा काढून टाकण्यांत येतो. प्राणी दिसूं लागतो खरा, परंतु पुष्कळदां अन्न घेईनासा होतो.

पालकांसाठीं एक गोष्ट आधींच सांगितली पाहिजे. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलें आपल्याकडील कासव कोणी शुभ म्हणून दिलें, तरी तें घरीं ठेवणें हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आली, आणि आतां तें कासव पहिल्या अनुसूचींत आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांतून सरडा किंवा साप उचलून आणणें हेंही तसेंच. बॉल पायथनसारख्या कांहीं विदेशी प्राण्यांची २०२४ च्या नियमांप्रमाणें सरकारदरबारीं नोंद करावी लागते. कागद पाहिल्यावांचून प्राणी घरांत घेऊं नये.

लपून बसणें ही त्या प्राण्याची खोड नव्हे, तो त्याचा स्वभावधर्म आहे. १०४ व्या स्तोत्राच्या कर्त्यास खडक हे शाफानांचा आश्रय म्हणून दिसले. बॉल पायथनचा आश्रय म्हणजे उंदीर-घुशींचीं बिळें व वारुळें. तेथें त्याच्या अंगास चहूंकडून भिंत लागते व त्यास निर्धास्त वाटतें. म्हणून बाजारांतील मोठी शोभिवंत गुहा त्याच्या उपयोगाची नाहीं. वेटोळें घातल्यावर अंग भिंतींस टेकेल, एवढाच आसरा असावा. दार एकच व लहान असावें. मात्र पोट भरल्यावरही त्यांतून सहज जातां येईल, इतकें तें रुंद असावें. प्राणी वाढला कीं आसरा बदलावा.

आसरे दोन पाहिजेत, एक उबदार बाजूस व एक थंड बाजूस. या प्राण्यांस शरीराची ऊब बाहेरून मिळवावी लागते. आसरा एकच असेल, तर ऊब घ्यावी कीं सुरक्षित राहावें, असा पेंच त्यांस पडतो. बॉल पायथनला उबदार आसऱ्यांत सुमारें ३२ अंश व थंड आसऱ्यांत २६-२७ अंश सेल्सियस मानवतें. थंड देशांत लिहिलेल्या पुस्तकांचा सारा भर पेटी तापविण्यावर असतो. आपली वैशाखांतील पंचाईत नेमकी उलट! गच्चीखालच्या खोलींत पश्चिमेच्या खिडकीशीं पेटी ठेवली, तर थंड बाजू उरतच नाहीं. तपमापक पेटीच्या कांचेवर न लावतां आसऱ्याच्या आंत ठेवून पाहावा.

आसरा करण्यास खर्च जवळजवळ नाहीं. कुंभाराकडची बिनरंगाची कुंडी पालथी घालावी, कांठाचा एक तुकडा जपून काढावा व कडा काचकागदानें घासून गुळगुळीत कराव्या. जुन्या घरावरचें नळीचें कौल म्हणजे तर तयार छप्परच. अगदीं लहान पिलास करवंटी पुरते. परंतु खोबरें पुरतें खरवडून काढावें, नाहींतर मुंग्या ठरलेल्या. रंग, व्हार्निश आणि देवदारासारखें उग्र वासाचें लांकूड वर्ज्य. चिकटपट्टी तर कधींच वापरूं नये, ती सापाच्या खवल्यांस चिकटून कातडें फाडते. जड दगड वाळूवर न ठेवतां पेटीच्या तळावर टेकवावे. प्राणी खालची वाळू उकरतो व दगड त्याच्यावर कोसळतो.

कात टाकण्याच्या वेळीं झांकणाच्या डब्यास भोंक पाडून त्यांत काथ्याचा ओलसर भुसा घालावा. सरड्याच्या बोटाभोंवतीं कातेचें कडें राहिलें, तर तें सुकून आवळतें, रक्त पोंचत नाहीं व बोट गळून पडतें. पावसाळ्यांत मुंबईची हवा मुळांतच दमट असल्यामुळें भुशावर लौकर बुरशी धरते. तो वरचेवर बदलावा.

नवा आसरा ठेवल्यावर पहिले कांहीं दिवस तो उचलून पाहूं नये. साप रात्रंदिवस पाण्याच्या भांड्यांतच पडून राहूं लागला, तर आसरा फार मोठा आहे काय, पेटी फार तापते काय आणि खवल्यांत बारीक किडे शिरले आहेत काय, हें तपासावें. किडे आढळल्यास त्याच दिवशीं पशुवैद्यास दाखवावें.