बोअर कोण थांबवणार?

हिंजवडीच्या आयटी पार्कमधली तरुण मुलं अधूनमधून भेटायला येतात. शेती आणि निसर्ग जपण्याच्या धोरणावर काम करायचंय, नोकरी सोडण्याआधी काय शिकावं, असं विचारतात. याच कामात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यांना मी सांगते ते असं.

१. आधी आपल्या तालुक्याचं पीक समजून घ्या. आपला मुळशी तालुका हा आंबेमोहर भाताचा मुलूख. पण हे भात उंच वाढतं, वाऱ्यापावसात लोळतं, उताराही कमी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये इंद्रायणी हा वाण आला; वास आणि उतारा दोन्ही मिळाले, शेतकऱ्यांनी तो उचलला. त्यांना दोष देऊ नका. पुण्याच्या बाजारात आंबेमोहर म्हणून परराज्यातला तांदूळही खपतो. जुना वाण शेतात राहायला हवा असेल, तर कमी उताऱ्याचा तोटा कोण भरून देणार, हे धोरणात आधी लिहावं लागतं.

२. कायदा मुळातून वाचा, बातमीतून नको. २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. हे अजून कितीतरी गावांत ठाऊक नाही.

३. नियम करण्याआधी विचारा: तो पाळून कोण घेणार? माझ्या मते या कामाचं मर्म इथेच आहे. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा. साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना त्यात बंधन आहे. तरी बोअरच्या गाड्या रात्री शिवारात फिरतात, कारण तालुक्याचा अधिकारी प्रत्येक बांधावर उभा राहू शकत नाही. हिवरे बाजार या गावात मात्र शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. पावसाचं माप घेऊन रब्बीला काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरतं, आणि शेजाऱ्याचं लक्ष असतं. त्याच्याही आधी, १९७२ च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे यांनी पुरंदरच्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या आकाराप्रमाणे नाही, माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबाने, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा. वाटणी न्याय्य वाटली की लोक स्वतःच राखण करतात. हे मी गावोगाव पाहिलं आहे.

४. अहवाल लोकांपर्यंत गेलाच पाहिजे. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला. आमचा मुळशीही त्याच घाटाचा. हा अहवाल ग्रामसभांपुढे, लोकांच्या भाषेत ठेवा, असं गाडगीळ सांगत राहिले. तसं झालं नाही, आणि गावांच्या कानावर आधी अफवा गेल्या. ही हळहळ मला अजून आहे.

५. पदवी कृषीची, अर्थशास्त्राची, संगणकाची, कोणतीही चालेल. पगार कमी मिळेल, घरच्यांना आधीच स्पष्ट सांगा.

६. सुरुवातीला दूर जाऊ नका. उन्हाळ्यात हिंजवडी, माण, मारुंजीच्या सोसायट्यांत टँकर येतात. चालकाला विचारा, कुठल्या विहिरीवर भरलास? मग त्या विहिरीच्या मालकाकडे जा. पाणी विकून काय मिळतं, भात लावून काय मिळालं असतं, आणि शेजारच्या विहिरीची पातळी किती उतरली, हे तिन्ही वहीत लिहून आणा.