वकिलातीतली सत्तावीस वर्षं

परराष्ट्र खात्यात स्टेनो म्हणून लागलो आणि पहिल्या परदेशी नेमणुकीवर अकोल्याहून निघालो, तेव्हा आईनं विचारलं होतं, "वकिलात म्हंजे कोर्टच ना रे बापू?" पुढं सात राजदूतांच्या हाताखाली काम केलं. त्यातून उमगलेलं सांगतो.

१. आईचं फारसं चुकलं नव्हतं. पेशव्यांतर्फे निजामाच्या दरबारी असलेल्या गोविंदराव काळ्यांना वकीलच म्हणत. राजदूत बाजू मांडतो ती आपल्या देशाची. स्वतःचं मत तो चारचौघांत बोलत नाही. दिल्लीला मात्र त्यानं खरं तेच कळवायचं असतं. एका साहेबांनी माझ्यासमोर स्वतःचा मसुदा तीनदा फाडला, कारण समोरच्या मंत्र्याचा नकार त्यात मवाळ झाला होता. "दिल्लीला आवडेल ते नको, तो बोलला ते लिहा," म्हणाले.

२. गाडीवरचा झेंडा देशाचा. बदलीचा हुकूम आला की तो दुसऱ्याच्या गाडीवर लागतो. हे ज्यांना आधीच कळलं होतं, त्यांच्याकडे काम करणं सोपं गेलं.

३. यजमान देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही, असं १९६१च्या व्हिएन्ना कराराचं ४१वं कलम सांगतं. वऱ्हाडी माणसाला ते समजावून सांगावं लागू नये. हैदराबादचा रेसिडेंट म्हणजे मुळात निजामाच्या दरबारातला इंग्रजांचा वकील. १८५३च्या तहात, कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामानं वऱ्हाड कंपनीच्या हवाली केलं आणि अमरावती-अकोल्याचा कारभार हा वकीलच हाकू लागला. सारा, कोर्टकचेरी, पोलीस, सगळ्यांवर त्याचा हुकूम. आणि तो बसे हैदराबादेत, कोठीच्या रेसिडेन्सीत. १९०२ साली कर्झननं वर्षाला २५ लाख रुपयांवर प्रांत कायमच्या पट्ट्यानं घेतला, १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला. आमच्या पणज्यांना कुणी विचारलंही नाही. त्यामुळं एखादा तरुण अधिकारी तिथल्या निवडणुकीवर मोठ्यानं शेरे मारू लागला की माझ्या पोटात कालवायचं.

४. वणीच्या लोकनायक बापूजी अण्यांची आठवण मी नव्या पोरांना आवर्जून सांगे. गांधीजींच्या उपोषणाच्या प्रश्नावर १९४३ च्या फेब्रुवारीत त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला आणि त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून ते सिलोनला गेले. तिथल्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ मजुरांच्या हक्कांचा प्रश्न तेव्हा पेटलेला होता. खुर्ची सोडायची तयारी असलेला माणूस अशा जागी हवा, असं मला मनापासून वाटतं.

५. आखाती देशात असताना अकोटकडचा एक गवंडी पोरगा कामावर मेला. मृत्यूचा दाखला, पासपोर्ट रद्द करणं, वकिलातीचं ना-हरकत पत्र, मालकाकडची थकबाकी. मयत अडकून पडली. दहाव्या दिवशी रात्री राजदूतांनी स्वतः तिथल्या अधिकाऱ्याला फोन लावला. दोन दिवसांत पेटी विमानात चढली.

रजेवर आलो तेव्हा त्याच्या घरी गेलो. म्हातारी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मोठ्या साहेबानं सोता फोन केला व्हता म्हंतेत. खरं हाये का?"

"खरं आहे, माय," म्हणालो.