आपल्या जिल्ह्याचा हत्ती

मुंबई ही सागरकिनारीची, लख्ख उन्हाची कलानगरी. तेथील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जहांगीर कलादालन (१९५२) यांची नावे आपण ऐकतो. परंतु पनवेलकरांनी प्रथम भायखळ्यास जावे, असे मला वाटते. कुर्ल्याला गाडी बदलली की झाले.

तेथील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुले झाले. त्याच्या आवारात एक दगडी हत्ती आहे. तो मूळचा घारापुरीचा, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यातला! त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला ‘एलिफंटा’ नाव दिले. इंग्रज तो विलायतेस नेणार होते. पण उचलताना तो भंगला. १८६४ मध्ये त्याचे तुकडे मुंबईत आणले, पुढे ते सांधण्यात आले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. संग्रहालय म्हणजे विद्वानांची जागा, या समजुतीने मी दाराशी घुटमळलो होतो. हत्तीवरचे सांधे पाहिले आणि भीड चेपली. आत गेलो, तर आपल्याकडच्या साध्या माणसांच्या, कारागिरांच्या मातीच्या प्रतिकृती मांडलेल्या! मित्रहो, आपलीच माणसे पाहायला संकोच कसला?